सगळ्यांचा रेपो मागे न्यायचाय? रिसेट नको, रिव्हर्ट कर

घाबरू नकोस. रेपो म्हणजे टीमचा सगळा कोड आणि त्याचा इतिहास असलेला साठा; तो सांभाळतं गिट. एकदा कमिट झालेलं, म्हणजे बदल म्हणून नोंदवलेलं काम गिटमधून सहजासहजी जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुश झालेला, म्हणजे सर्व्हरवर पाठवलेला इतिहास पुसायचा नाही. तू टिळकवाडीत बसून 'रिसेट हार्ड' केलंस (नंतरच्या कमिट टाकून मागे गेलास) आणि फोर्स पुश मारलास (सर्व्हरवर जबरदस्तीने तेच लादलंस), तर खानापूर-निपाणीच्या सोबत्यांकडे जुनाच इतिहास राहतो. मधल्या वेळात त्यांनी पुश केलेलं कामही सर्व्हरवरच्या ब्रँचमधून (कमिटच्या साखळीतून) निघून जातं. ते लोक रात्र घालवून लिहितात रे, त्यांच्या कष्टाला धक्का लागू देऊ नकोस.

त्यापेक्षा गिट रिव्हर्ट वापर. जुनी कमिट तशीच राहते, तिच्या नेमका उलट बदल करणारी नवी कमिट वर बसते. खातेवहीत चुकलेली रक्कम खोडत नाहीत, उलट नोंद घालतात, तसंच हे.

सध्या एवढंच कर:

- टीमला कळव, थोडा वेळ कुणी पुश करू नका.
- गिट स्टेटस बघ, म्हणजे न नोंदवलेलं काम दिसेल. अर्धवट काम असेल तर आधी कमिट कर.
- पुल कर (सर्व्हरवरचं ताजं काम आपल्याकडे आण) आणि गिट लॉगमध्ये, म्हणजे कमिटच्या यादीत, नेमकी कमिट शोध. अनेक असतील तर सर्वांत नवीपासून उलटं मागे ये, म्हणजे कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन बदलांची टक्कर) कमी येतात.
- प्रोग्रॅम चालवून बघ, मगच पुश.

नवी मुलं हमखास जुनी कमिट चेकआउट करतात (आपल्या मशीनवर उघडतात) आणि रेपो मागे गेला असं समजतात. जुनं फक्त आपल्या मशीनवर दिसतं, सर्व्हरवर काहीच बदलत नाही.

मर्ज कमिट (दोन ब्रँच जोडणारी) लागली तर मात्र थांब आणि आधी मला विचार. रिबेस, रिफ्लॉग ह्या गिटच्या पुढच्या कमांड नंतर बघू.