नैरोबीत लिनक्स शिकवायला यायचंय त्यांच्यासाठी

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात सहा वर्षं सिस्टीम ॲडमिन आहात, आरएचसीएसए (रेड हॅट कंपनीची लिनक्स ॲडमिनची परीक्षा) झालंय, नैरोबीच्या एका इन्स्टिट्यूटकडून लिनक्स ट्रेनरची ऑफर आलीये, बायको आणि दुसरीतली मुलगी बरोबर असेल, तर यावं का, तिथे एकटेपणा असतो का, आणि आफ्रिकेतल्या अनुभवाला पुढे किंमत असते का. मी याच कामासाठी २०१५ला नाशिकहून आले. काल रात्री तुमचा प्रश्न वाचला आणि झोपच उडाली, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. ईटीए म्हणजे देशात यायची ऑनलाइन परवानगी, यलो फीव्हरची लस, वर्क परमिटची फी हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते इथे सांगत बसत नाही.

आधी ते किंमतीचं. निघताना मीही हेच विचारत होते, म्हणून तुमच्यावर रागावत नाही, पण तो प्रश्न तिकडेच ठेवून या. आपल्या डोक्यात असतं की तिथे कोणाला काही येत नसेल, आपण जाऊन शिकवायचं. माझ्या पहिल्याच बॅचला एक बाई होत्या, एका काउंटी हॉस्पिटलात रेकॉर्डचं काम करायच्या. मी मोठ्या उत्साहाने क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, समजावत होते आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून स्वतःची स्क्रिप्ट दाखवली. रोज संध्याकाळी पाचला मायएसक्यूएल डेटाबेसचा डम्प, म्हणजे पूर्ण प्रत, घ्यायचा, तारखेचं नाव द्यायचं, पेन ड्राइव्हवर टाकायचा, जागा कमी पडली तर सगळ्यात जुना डम्प उडवायचा. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, एकदा डिस्क गेली होती, तेव्हा शिकले. त्यांच्याकडे केनियाईएमआर होतं, म्हणजे ओपनएमआरएसवर बांधलेली पेशंट रेकॉर्डची सिस्टीम, आणि ओपनएमआरएस २००६ला पहिल्यांदा चालू झालं तेच मुळी इथल्या एल्डोरेटमध्ये. उशाहिदी ही वेबसाइटही इथलीच, २००८ची, निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात कुठे काय घडतंय हे लोकांनी एसएमएसने कळवायचं आणि ते नकाशावर दिसायचं. इथल्या आरोग्य खात्याचा डेटा २०११पासून डीएचआयएस२ या सिस्टीमवर ऑनलाइन आहे. हे सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. आपण ज्या लिनक्सला रोज उबुंटू म्हणतो, तो शब्दसुद्धा झुलू, खोसा लोकांचा. तेव्हा शिकवायला या, पण ओपन सोर्स आपण घेऊन चाललोय असं समजून येऊ नका.

त्या बाईंना कमी होता तो कागद. काम ॲडमिनचं, पद क्लार्कचं. इथे सर्टिफिकेशनला एवढी गर्दी का हे तेव्हा मला कळलं. ज्याचा मामा-काका आयटीत नाही, ज्याच्या कॉलेजचं नाव कोणी ऐकलेलं नाही, त्याच्याकडे दाखवायला दुसरं असतं काय? एलपीआयसी-१, म्हणजे एलपीआय या संस्थेचं लिनक्स ॲडमिनचं पहिलं सर्टिफिकेट, त्याला दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं, सर्टिफिकेट ५ वर्षं चालतं. नवख्यांना मी आधी त्यांचीच सोपी परीक्षा, लिनक्स इसेन्शियल्स, द्यायला लावते, ४० प्रश्न आणि एक्सपायरी नाही. एलपीआयचं अभ्यासाचं साहित्य नेटवर फुकट आहे, माझे अर्धे विद्यार्थी ते मोबाइलवरच वाचतात. सीकेएची, म्हणजे कुबरनेटीस ॲडमिनच्या परीक्षेची, गोष्ट वेगळी, दोन तास टर्मिनलवर प्रत्यक्ष करून दाखवायचं आणि फी चारशे डॉलरच्या वर, म्हणजे पन्नास हजार शिलिंगपेक्षा जास्त. माझ्याकडच्या बहुतेक पोरांचा महिन्याचा पगार तेवढा नसतो. नापास झालं तर एक रीटेक त्याच फीत मिळतो हे मात्र त्यांना आवर्जून सांगा, कित्येकांना माहीतच नसतं. २०२४ला लिनक्स फाउंडेशन, तिचीच सीएनसीएफ ही संस्था आणि अँडेला ही कंपनी यांनी मिळून तीन वर्षांत २० ते ३० हजार आफ्रिकन लोकांना कुबरनेटीस शिकवायचं जाहीर केलं. त्यामुळे तुम्ही आलात तर फक्त बेसिक लिनक्सवर भागणार नाही, कंटेनरचं, म्हणजे कुबरनेटीस जे सांभाळतं ते प्रोग्रामचे बंद डबे, पक्कं करूनच निघा.

आणि स्टिमा. विजेला इथे स्टिमा म्हणतात, हा शब्द पहिल्याच आठवड्यात शिकाल. माझा एक विद्यार्थी घरून ऑनलाइन परीक्षा देत होता, पलंगावर लॅपटॉप, भिंतीवरचं सगळं काढून ठेवलेलं, धाकट्या भावंडांना शेजारी पाठवलेलं. अडतिसाव्या प्रश्नाला स्टिमा गेली, राउटर बंद, त्याने फोनचा हॉटस्पॉट लावेपर्यंत सेशन संपलेलं. फी परत मिळाली नाही. त्याने मला फोन करून मलाच पोले साना म्हटलं, माफी मागितल्यासारखं. आणखी एक मुलगी, तिच्या ओळखपत्रावर तीन नावं आणि रजिस्ट्रेशनमध्ये दोनच, केंद्रावरून परत पाठवली, पहाटे चारला मटाटू, म्हणजे इथली वडाप, पकडून नाकुरू शहरातून आली होती. तेव्हापासून पहिल्या तासाला मी कमांड शिकवत नाही, प्रत्येकाचं ओळखपत्र बघते आणि नाव जसंच्या तसं लिहून घेते.

नाव आणि कागद यावरून मुलीच्या शाळेचं सांगते, कारण ते अजून सलतंय. आमचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, मराठी माध्यमात तिसरी पास. दाखला घेतला पण शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी राहिली, विमान चार दिवसांवर होतं, मी म्हटलं कोण बघतंय. इथल्या शाळेत त्यावर लिव्हिंग सर्टिफिकेट वाचून बाई म्हणाल्या, हे तर शिक्षण संपल्यावर मिळतं. मग शिक्का कुठाय, मग इंग्रजीची चाचणी, आणि निकाल असा की एक वर्ष खाली बसवा. नाशिकला पत्र, नवऱ्याच्या भावाने जिल्हा परिषदेत मारलेल्या चार फेऱ्या, कागद आला तोवर टर्म संपलेली आणि शाळा म्हणे आता वर्गात रमलाय, कशाला हलवता. रमला नव्हता हो. वर्गात सगळ्यात उंच होता आणि फोटोत कायम मागच्या रांगेत गुडघे वाकवून उभा राहायचा, म्हणजे उंची कळू नये. तो फोटो माझ्याकडे आहे. आज तो स्वाहिली आणि शेंग, म्हणजे इथल्या पोरांची स्वाहिली-इंग्रजी मिसळ, दोन्ही झकास बोलतो, त्याला म्हणे ते वर्ष आठवतही नाही. मला आठवतं. प्रतिस्वाक्षरी घेतल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि मुलीला निघायच्या आधी सहा महिने इंग्रजी गोष्टी मोठ्याने वाचायला लावा.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. भारताची वेळ अडीच तास पुढे, आपण जेवून फोन करावा तर आई-बाबा झोपलेले. नैरोबीतल्या पार्कलँड्स भागात भाजी, मसाले, गुजराती शेजार सगळं मिळतं, गणपतीही होतात. याहून जास्त लिहीत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मी अजून कुणाला सांगितलेली नाही. परमिटच्या अर्जात मालकाला एका केनियन माणसाचं नाव द्यावं लागतं, अंडरस्टडी, म्हणजे तुमच्याकडून शिकून पुढे तुमची जागा घेणारा. माझा अंडरस्टडी किसुमू शहरातला मुलगा होता, चोवीस वर्षांचा, वेगाने शिकणारा. पहिली दोन वर्षं मी त्याला लॅबमध्ये केबल, इन्स्टॉलेशन, युजर अकाउंट एवढंच दिलं. डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधणं), एलडॅप (सगळ्या युजरची एकच यादी), बूट म्हणजे मशीन सुरू होण्याची भानगड हे अवघड तास स्वतःकडे ठेवले. त्याने विचारलं की म्हणायचे, पुढच्या बॅचला बघू. परमिटचं रिन्यूअल जवळ आलं होतं, मुलाची फी भरायची होती, मला भीती होती की हा तयार झाला तर मला कशाला ठेवतील. तो रात्री बसून स्वतः शिकला. एलपीआयसी-२, म्हणजे पुढची पायरी, माझ्या आधी पास झाला. एकदा मी तापाने पडले तेव्हा डीएनएसचा तास त्याने घेतला, दुसऱ्या दिवशी पोरं सांगत होती, मॅडम, डीएनएसची ती झोन फाइल काल नीट कळली. आता तो तिथला मुख्य ट्रेनर आहे आणि मी आठवड्यातून दोन दिवस जाते. तो मला अजून म्वालिमू म्हणतो, म्हणजे गुरुजी. ती दोन वर्षं मी मुद्दाम काढली हे त्याला कळलं असणार, पण कधी बोलला नाही, आणि मलाही अजून विषय काढायचं धाडस झालेलं नाही.

म्हणून पगार, घरभाडं, इन्शुरन्स हे सगळं विचाराच, पण त्या इन्स्टिट्यूटला मेल करून हेही विचारा की अर्जात अंडरस्टडी म्हणून कोणाचं नाव आहे. नाव आलं की निघायच्या आधीच त्याला फोन लावा आणि कुठले विषय त्याला पहिले हवेत ते लिहून घ्या.