काळ्या बोक्याची पिल्लं केशरी आणि राखाडी कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: तिरंगी भाटीला चार पिल्लं झाली, दोन केशरी, एक काळं, एक राखाडी. गल्लीत बोका एकच, तोही काळा. मग हे रंग आले कुठून?

आधी पिल्लांत नर कोण, मादी कोण ते नक्की करा. त्याशिवाय हिशेब लागत नाही. शेपूट हलकेच उचलून बघा. गुदद्वाराच्या अगदी खाली उभी चीर असेल तर मादी, मध्ये बोटभर नाही पण डोळ्यांत भरेल इतकं अंतर सोडून गोल ठिपका असेल तर नर. दोन पिल्लं शेजारी धरली की फरक कळतो. पहिल्या आठवड्यात भलेभले फसतात, म्हणून सहाव्या आठवड्यात परत बघा.

केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. नराला एक्स एकच, आणि तो आईकडून येतो. म्हणजे मुलगा काळा की केशरी, यात बापाचा काही संबंधच नाही. तुमची भाटी तिरंगी, म्हणजे तिच्या एका एक्सवर केशरी आहे, दुसऱ्यावर नाही. त्यामुळे प्रत्येक मुलगा केशरी निघण्याची शक्यता निम्मी. मुलीला मात्र बापाचाही एक्स मिळतो. काळ्या बोक्याची मुलगी काळी होईल किंवा कबरी (काळा-केशरी मिसळलेली), पूर्ण केशरी नाही. तेव्हा केशरीपैकी एक जरी मादी निघाली, तर तिचा बाप दुसराच कोणी. एका वेतात दोन बाप असणं मांजरांत नवलाचं नाही. पण निकाल देण्याआधी तिच्या पोटाखाली आणि पंजाच्या बोटांमध्ये काळे केस शोधा. दोन-चार जरी सापडले तरी ती कबरीच.

(हे जनुक एक्सवर आहे हे शंभरेक वर्षं माहीत होतं, पण नेमका बदल २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी दाखवला: एआरएचजीएपी३६ जनुकातला डीएनएच्या सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो.)

राखाडी म्हणजे फिका पडलेला काळा. त्यासाठी फिकेपणाच्या जनुकाची एकेक प्रत दोन्हीकडून यावी लागते. आईबाप दोघेही दिसायला गडद असले, तरी दोघांत ती लपलेली असू शकते. तसं असेल तर चारांत एक पिल्लू फिकं निघण्याची शक्यता असते.

मात्र गाभण असताना भाटीला ताप आला होता का, हेही आठवा. तापामुळे पिल्लाच्या केसांत रंग नीट उतरत नाही आणि ते रुपेरी-राखी दिसतं. पाठीवरचे केस फुंकर मारून उघडा. टोकं फिकी आणि मुळं गडद असतील तर हा तापाचा रंग. सहा महिन्यांत, कधी वर्षभरात, जाऊन खाली काळा निघेल. मुळापासून टोकापर्यंत एकसारखा राखाडी असेल तर तो कायमचा. दत्तक द्यायच्या जाहिरातीत रंग लिहिण्याआधी एवढं बघून घ्या.