टेकडीवरचं एक झाड धर

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून आज निवांत लिहितोय. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचे ऋतू नोंदवायचेत, तर कुठला कॅमेरा घेऊ, कुठली दुर्बीण घेऊ असं विचारलंयस. काहीच घेऊ नकोस सध्या. एक वही घे, पेन्सिल घे आणि तुझ्या नेहमीच्या वाटेवरचं एक झाड धर. एकच. आठवड्याचा वार ठरव आणि त्याच वारी त्याच झाडापाशी जा.

झाड पळसाचं असेल तर उत्तम, कारण आत्ता जानेवारी संपत आलाय आणि हीच वेळ आहे. पानं जुनी होऊन गळायला लागलेली दिसतील, आणि फांदीला नीट डोळे लावून बघितलंस तर काळपट तपकिरी, मखमली कळ्या दिसतील ज्या लांबून अजिबात कळत नाहीत. लोक झाड केशरी झालं की फोटो काढायला येतात आणि आठवड्याभरात विसरतात, पण खरी मजा कळी ते शेंग या सगळ्या प्रवासात आहे. फुललं की खाली अर्धा तास बस, साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी, खारी, सगळ्यांची नुसती झुंबड असते, कधी भोरड्यांचा थवाच उतरतो. एप्रिल-मेमध्ये चपट्या शेंगा वाळतील आणि वळवाच्या आधीच्या वाऱ्यावर उडत जातील. म्हणजे पावसाच्या तोंडावर बी जमिनीवर हजर. हे झाड भर उन्हाळ्यात उगाच एवढा खटाटोप करत नाहीये!

दर वेळी काय लिहायचं? पालवी, जुनी पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, आणि प्रत्येकापुढे नाही, थोडं किंवा भरपूर. एवढंच. आणि हे नीट ऐक, ‘नाही’ हे पण लिहायचंच. नवीन लोक फक्त दिसलेलं लिहितात, मग फूल आलं नव्हतं की आपण गेलोच नव्हतो ते पुढच्या वर्षी कळत नाही आणि तुलनाच करता येत नाही. सीझनवॉच नावाचा देशभर चालणारा उपक्रम आहे, तिथे साधारण असंच आपलं झाड नोंदवून दर आठवड्याला माहिती भरायची असते. केरळातल्या शाळकरी मुलांनी त्यात खूप नोंदी केल्यात. तिकडे विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, बहाव्याची फुलं लागतात आणि आता बहावा बऱ्याचदा त्याच्या आधीच फुललेला असतो. हे नुसतं ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणून सिद्ध होत नाही, त्याला तारखा लागतात.

फेब्रुवारीत टेकडी गुलाबी दिसेल, ती गिरिपुष्पाची फुलं. दिसतात सुंदर, पण ते झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं, वनखात्याने लावलेलं. त्याच सुमाराला गणेर शोध, पान एक नाही आणि पिवळीधमक मोठी फुलं. मला विचारशील तर टेकडीचा उन्हाळा गणेरीपासून सुरू होतो.

पुढे पावशा ओरडायला लागेल, ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’, मेअखेर नशीब असेल तर झाडीत नवरंग पक्षी दिसेल, जूनमध्ये चातक येतो तो थेट आफ्रिकेकडून. पहिल्या सरींनंतर मातीत मृगाचे लाल मखमली किडे, श्रावण-भाद्रपदात तेरडा, आणि दिवाळीपर्यंत गवत पिवळं पडून मोज्यांत कुसळं. ऑक्टोबरात थिरथिरा येईल, शेपूट सारखी थरथरवत खडकावर बसलेला. त्याची पहिली तारीख लिही आणि उन्हाळा लागताना शेवटची पण, जी सगळे हमखास विसरतात कारण पक्षी जाताना सांगून जात नाही.

मार्चपासून पायवाट सोडू नकोस, टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. वणव्याचा काळपण तोच, धूर दिसला तर आधी १०१ ला फोन, नोंद नंतर. आणि एकटी जाऊ नकोस, कुणालातरी सोबत घे, अंधार पडायच्या आत खाली उतर.

या टेकडीवर रस्ता, बोगदा असं काही ना काही कागदावर येतच असतं. तेव्हा ‘तिथे आहेच काय, नुसती झुडपं’ असं म्हणणारे भेटतात आणि माझा अगदी संताप होतो. अशा वेळी तुझ्यासारख्यांच्या वह्या फार मोलाच्या ठरतात बघ, तारीखवार, कंटाळवाण्या, खऱ्या.

नावं येत नाहीत म्हणून अडू नकोस. ‘काटेरी, बारीक पान, पांढरं फूल’ लिही, नाव नंतर शोधू. रविवारी सकाळी साडेसहाला खाणीपाशी ये, झाड तू निवड, मी मध्ये बोलणार नाही. पाण्याची बाटली आण.

तुझा,
काका