सतत रील्स, सिरीज, गेम्स यातून मिळणारी मजा खऱ्या आनंदाची जागा घेऊ शकते का?

नाही घेऊ शकत, पण लोक जे कारण देतात ते मला पटत नाही. म्हणे मोबाईलमधली मजा खोटी असते. अहो हसू आलं म्हणजे आलं, त्यात खोटं काय? बारा तास उभ्याने ड्युटी करून आलेला माणूस जेवताना अर्धा तास कॉमेडी बघतो, त्याला ज्ञान पाजळणाऱ्यांचा मला खरं तर रागच येतो.

माझं सांगतो. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा बायको म्हणाली बरं झालं, सुटलास. पुढच्याच महिन्यात रील्स आल्या. रात्री अकराला आडवं व्हायचं, पाचच मिनिटं म्हणायचं आणि बघतो तर पावणेएक. बरं मजा येत असती तर तक्रार नव्हती, पण पहिली दहा मिनिटं सोडली तर मी हसतही नव्हतो, नुसता अंगठा चालू. एकदा लेकीने गुपचूप फोटो काढला, मी माकडाचा कसलातरी व्हिडिओ बघतोय आणि चेहरा असा की लाईट बिल वाचतोय.

आता हे असं का होतं हे मला कळलं ते उंदरांवरून. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि खटका दाबला की तिथे हलका करंट जाईल अशी सोय केली. उंदीर खटका दाबतच सुटले, नंतरच्या प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा, काही तर पोटात भूक असताना खाणं सोडून खटक्याला चिकटलेले. तेव्हा वाटलं मेंदूतलं आनंदाचं केंद्रच सापडलं. पण पुढे मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी उलट्या बाजूने बघितलं. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ संपवून टाकलं होतं ते समोरच्या खाण्याला तोंडही लावेनात, भरवलं नाही तर मेले असते. आणि त्याच उंदरांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पहिल्यासारखेच ओठ चाटायचे! म्हणजे गोड लागत होतं, फक्त हवंसं वाटत नव्हतं. हवंसं वाटणं आणि आवडणं हे मेंदूत दोन वेगळे कारभार आहेत. मग तो खटका दाबणारा उंदीर सुखात होता की नुसता तलफेत, हा प्रश्नच आहे. तंबाखूवाल्याला हे सांगायला प्रयोग लागत नाही म्हणा, दिवसातली अकरावी चिमूट कुठे गोड लागते त्याला, पण मळतोच.

याची उलटी बाजू मला दोन वर्षांपूर्वी कळली, एक्केचाळिसाव्या वर्षी पखवाज शिकायला लागलो तेव्हा. शिकायचं कारण काही थोर नव्हतं, गावच्या भजनी मंडळात वाजवणारा माणूस उरला नव्हता आणि बुवांनी मला धरला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, त्याशिवाय घुमारा येत नाही. कमी पडली तर डबा वाजवल्यासारखं, जास्त झाली तर बद्द, पातळ झाली तर ऐन अभंगात सुटून मांडीवर. पहिला महिना तर मला कणीकच जमली नाही. मग तीन महिने नुसतं धा आणि ता, मनगट सुजलेलं, बुवा म्हणायचे हाताने वाजव, खांद्याने नको. रोज संध्याकाळी जायचा कंटाळा यायचा. आजही येतो, खोटं कशाला बोलू.

पण कार्तिकातल्या काकड्याला एक दिवस बुवांचा खोकला थांबेना आणि ते म्हणाले, बस तू. पहाटे पाच, देवळाची फरशी बर्फासारखी, समोर पंधरा-वीस टाळकरी. सुरुवातीला मी मनात मात्रा मोजत होतो, आणि मग मध्येच कधीतरी लक्षात आलं की मोजणं थांबलंय आणि टाळ आणि माझा हात बरोबर एका ठिकाणी पडतायत. किती वेळ चाललं माहीत नाही. संपल्यावर एक म्हातारे टाळकरी काहीच बोलले नाहीत, त्यांनी आपला चहा माझ्याकडे सरकवला.

तर माझा हिशोब असा, रील्सची ओढ हत्तीएवढी आणि चव मुंगीएवढी, पखवाजाचं नेमकं उलटं. जायची इच्छा शून्य आणि एकदा बसलो की उठवत नाही. त्यामुळे 'मला काय करावंसं वाटतंय' हे विचारून आनंद सापडेल यावर माझा आता फार विश्वास नाही, कारण करावंसं वाटणारा जो भाग आहे तोच तर हे ॲपवाले दाबून धरतात.

आणि सतत मन रमवण्याचं म्हणाल तर २०१४ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी एक प्रयोग छापला. माणसांना पंधरा मिनिटं खोलीत एकटं बसवलं, सोबत फक्त शॉक देणारं बटण, जो शॉक टाळायला आम्ही पैसे देऊ असं तीच माणसं आधी म्हणाली होती. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी स्वतःला शॉक दिला. (२४ बायकांपैकी फक्त ६, आमच्या घरी यावर बराच वेळ हसणं चाललं.) रिकामं बसणं आपल्याला इतकं जड जातं, आणि मोबाईल यायच्या आधी सोपं होतं असं मला तरी वाटत नाही, पूर्वी पारावर पत्ते होते.

मी काही सुधारलो बिधारलो नाही. आता रील्समध्ये मला पखवाजच दिसतात, ॲपवाल्यांना कळलंय ना. गेल्या गुरुवारी रियाजाला बसायच्या आधी म्हटलं एक बघू, आळंदीचा दहा-अकरा वर्षांचा पोरगा काय हात फिरवत होता हो! मग दुसरा, मग तिसरा. पाऊण तासाने मान वर केली तेव्हा वाटीतली कणीक वाळून कडक झाली होती आणि खालून हरिपाठाचा आवाज यायला लागला होता.