नोड सर्व्हरवरील स्थिर फाइली आणि कॅश : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले सर्व प्रश्न नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि एक्सप्रेस (तिच्यावर संकेतस्थळ उभारण्याची चौकट) वापरून चालवलेल्या संकेतस्थळांचे आहेत. चित्रे, स्टाइलशीट, स्क्रिप्ट आणि तयार जेसन (मजकूर-रूपातील माहिती) यांसारख्या फाइली ब्राउझरने कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या साठ्यात, किती काळ जपून ठेवाव्यात, हा त्यांतील समान मुद्दा आहे.

प्रश्न (रावेर) : आम्ही केळीचे नवती, पिलबाग आणि वापसी या प्रकारांचे रोजचे भाव एका जेसन फाइलमध्ये लिहितो आणि ती फाइल एक्सप्रेसच्या स्टॅटिक फोल्डरमधून देतो. एक दिवस कॅश राहावी म्हणून ‘मॅक्सएज’ ८६४०० ठेवले, तर ब्राउझर दीड मिनिटातच पुन्हा विचारणा करू लागला. चूक सुधारून खरोखर एक दिवस केला, तर दुपारी दुरुस्त केलेला भाव शेतकऱ्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत दिसेना. यातून मार्ग काय?

उत्तर : पहिल्या तक्रारीचे कारण एककात आहे. एचटीटीपीच्या ‘कॅश-कंट्रोल’ या हेडरमधील (उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेतील) ‘मॅक्स-एज’ सेकंदांत मोजतात, पण एक्सप्रेसच्या स्टॅटिक मिडलवेअरचा (विनंती वाटेत हाताळून फाइली देणाऱ्या कोडचा) ‘मॅक्सएज’ हा पर्याय जावास्क्रिप्टच्या रिवाजाप्रमाणे मिलिसेकंदांत असतो. त्यामुळे आपले ८६४०० हे ८६.४ सेकंद ठरले आणि हेडरमध्ये ८६ हा आकडा गेला. नुसती संख्या लिहिण्याऐवजी अवतरणचिन्हांत आकडा आणि त्यापुढे दिवसासाठी ‘डी’ किंवा तासासाठी ‘एच’ हे इंग्रजी अक्षर लिहावे. म्हणजे वाचणाऱ्यालाही हेतू कळतो.

दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची आहे. एकदा मुदत देऊन प्रत ब्राउझरकडे गेली, की ती संपेपर्यंत ब्राउझर सर्व्हरला विचारतच नाही, आणि जो विचारत नाही त्याला नवा भाव सांगण्याची कोणतीही सोय सर्व्हरकडे उरत नाही. म्हणून ज्या पत्त्यावरील मजकूर बदलतो त्या पत्त्याला मुदत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘थोडी तरी’ म्हणून दिलेली तासाभराची मुदतही भावाच्या फाइलला घातकच ठरेल.

या फाइलसाठी ‘नो-कॅश’ द्यावे. या नावामुळे अनेकांचा गैरसमज होतो; त्याचा अर्थ ‘साठवू नका’ असा नसून ‘साठवा, पण प्रत्येक वेळी विचारल्याशिवाय वापरू नका’ असा आहे. मुळीच साठवू नये असे सांगायचे असेल, तर ‘नो-स्टोअर’ हा वेगळा शब्द आहे. एक्सप्रेस प्रत्येक फाइलचा आकार आणि तिच्या शेवटच्या बदलाची वेळ यांवरून ‘ईटॅग’ नावाची खूण तयार करते. ब्राउझर पुढच्या वेळी ती खूण सोबत पाठवतो आणि फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर मजकुराशिवाय फक्त ३०४ हे उत्तर देतो. ‘सेटहेडर्स’ या पर्यायात फाइलचे नाव तपासून हे हेडर केवळ भावाच्या फाइलला लावता येते. मात्र तेथे स्वतः लिहिलेला आकडा सेकंदांतच समजला जातो, हे विसरू नये.

ज्यांच्याकडे एक दिवसाची प्रत आधीच गेली आहे, त्यांच्यासाठी फाइलचे नाव बदलून पानातून नव्या नावाने मागवा. मुख्य पानालाही तीच मुदत लागली असेल, तर त्या वाचकाने पान रिफ्रेश करेपर्यंत किंवा मुदत सरेपर्यंत थांबावे लागेल.

प्रश्न (शिरपूर) : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून रिअॅक्टचे ॲप व्हीट या बांधणीच्या साधनाने तयार करून एक्सप्रेसवर चालवतो. नवी आवृत्ती चढवल्यावर काही जणांना कोरे पान दिसते आणि कन्सोलमध्ये ‘अनपेक्षित टोकन <’ अशी किंवा चुकीच्या माइम प्रकाराची (फाइल कोणत्या प्रकारची आहे या नोंदीची) तक्रार येते. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र सगळीकडे २०० (यशस्वी) आहे.

उत्तर : लॉगमधील ते २०० हेच दोषाचे मूळ आहे. व्हीट बांधणी करताना स्क्रिप्टच्या नावात मजकुरावरून काढलेला हॅश (अक्षरांची खूण) घालते, म्हणून मजकूर बदलला की नावही बदलते. वापरकर्त्याच्या टॅबमध्ये जुने पान उघडे असते किंवा त्याच्या कॅशमध्ये जुने इंडेक्स (मुख्य) पान असते. ते जुन्या नावाची स्क्रिप्ट मागते. आपण नवी आवृत्ती चढवताना जुना फोल्डर पुसलेला असल्याने ती फाइल सापडत नाही. अशा वेळी ४०४ (सापडले नाही) जायला हवे होते, परंतु एकपानी ॲपच्या राउटिंगसाठी ‘काहीही मागितले तरी इंडेक्स द्या’ असा जो सर्वांत शेवटचा मार्ग आपण लिहिला असेल, तो ही विनंती झेलतो आणि स्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल पाठवतो. त्या एचटीएमएलचे पहिले चिन्ह म्हणजेच आपल्याला दिसलेला ‘<’.

दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागेल. हॅश असलेल्या फाइलींच्या फोल्डरला स्वतंत्र स्टॅटिक मिडलवेअर लावून त्यात ‘फॉलथ्रू’ हा पर्याय ‘फॉल्स’ ठेवा, म्हणजे न सापडलेली फाइल पुढच्या मार्गाकडे न जाता थेट ४०४ होईल. याच फोल्डरला एक वर्षाची मुदत आणि २०१७ च्या आरएफसी ८२४६ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात आलेला ‘इम्युटेबल’ (न बदलणारे) हा शब्द द्या; नावाखालचा मजकूर कधीच बदलणार नसल्याने येथे एवढी मुदत पूर्ण सुरक्षित आहे. इंडेक्स पानाला मात्र ‘नो-कॅश’च हवे, मग ते स्टॅटिक मिडलवेअरमधून जावो की शेवटच्या मार्गातील ‘सेंडफाइल’मधून, पुष्कळदा पहिल्या ठिकाणी हेडर असतो आणि दुसऱ्या ठिकाणी राहून जातो. सर्वच उत्तरांना सरसकट वर्षाची मुदत लावणारे एखादे मिडलवेअर सुरुवातीला लिहिले असेल तर ते आधी काढा, कारण स्क्रिप्टच्या पत्त्यावर चुकून गेलेले एचटीएमएल त्या ब्राउझरमध्ये वर्षभर चिकटून राहू शकते.

तिसरी गोष्ट चढवण्याच्या क्रमाची. आधी नव्या स्क्रिप्ट चढवाव्यात, त्यानंतर इंडेक्स पान बदलावे आणि मागील एक-दोन आवृत्त्यांच्या स्क्रिप्ट काही दिवस तशाच ठेवाव्यात. त्यांना लागणारी जागा किरकोळ असते.

प्रश्न (जळगाव) : सराफ बाजारातील एका पेढीसाठी दागिन्यांची सूची तयार केली आहे. छायाचित्रे लवकर यावीत म्हणून कॉम्प्रेशन (उत्तरे आवळून पाठवणारे) मिडलवेअर बसवले, पण वेग वाढला नाही, उलट प्रोसेसरवरचा भार वाढला. आमच्या कोडमध्ये सेशन (वापरकर्त्याची ओळख जपणारे), कॉम्प्रेशन आणि स्टॅटिक असा क्रम आहे.

उत्तर : जेपेग आणि वेबपी या प्रकारांतील चित्रे मुळातच आवळलेली असतात आणि हे मिडलवेअर त्यांना हातही लावत नाही. वाढलेला भार आहे तो स्क्रिप्ट आणि स्टाइलशीट प्रत्येक विनंतीला नव्याने आवळण्याचा. त्या बांधणीच्या वेळीच एकदा आवळून ठेवाव्यात आणि पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असल्यास त्याच्या ‘जीझिप स्टॅटिक’ या सोयीने तयार प्रत द्यावी. छायाचित्रांचा उपाय वेगळा आहे : मोबाइलच्या पडद्यावर बोटभर दिसणाऱ्या नथीसाठी कॅमेऱ्यातील मूळ फाइल पाठवू नये, दोन-तीन रुंदींच्या प्रती आधीच करून ठेवाव्यात.

आपण सहज सांगितलेला क्रम मला जास्त खटकला. सेशन आधी असल्यामुळे कुकी घेऊन आलेल्या प्रत्येक चित्राच्या विनंतीला सेशनच्या साठ्यात शोध घेतला जातो आणि काही मांडण्यांत चित्राच्या उत्तरासोबत नवी कुकीही जाते. सार्वजनिक चित्रांचे स्टॅटिक मिडलवेअर सेशनच्या वर न्यावे. ग्राहकांची बिले याच फोल्डरमध्ये असतील तर ती तेथून लगेच हलवून लॉगिन तपासणाऱ्या मार्गातून ‘नो-स्टोअर’सह द्यावीत.

प्रश्न (नंदुरबार) : एक्सप्रेस ४ वरून ५ वर आलो आणि अँड्रॉइड ॲपच्या पडताळणीसाठी ‘.वेल-नोन’ फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल ४०४ देऊ लागली.

उत्तर : २०२४ मध्ये आलेल्या एक्सप्रेस ५ ने ‘डॉटफाइल्स’ या पर्यायाची मूळ किंमत ‘इग्नोर’ केली आहे, त्यामुळे टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरमधील फाइली आता मिळत नाहीत. केवळ ‘.वेल-नोन’ या पत्त्यासाठी वेगळे स्टॅटिक मिडलवेअर लिहून त्यात ‘अलाऊ’ द्यावे. सगळ्या फोल्डरला परवानगी देऊ नये. एक्सप्रेस ४ मध्ये टिंबवाल्या फोल्डरच्या आतील फाइली दिल्या जात असत, म्हणून प्रकल्पाचा संपूर्ण फोल्डरच स्टॅटिक म्हणून लावणाऱ्यांचा ‘.गिट’ (कोडच्या आवृत्त्यांचा इतिहास असलेला फोल्डर) जगाला वाचता येई. आपण तसे केले असेल, तर त्यातील पासवर्ड आणि किल्ल्या आजच बदलाव्यात.

प्रश्न (धडगाव) : सातपुड्यातील आमच्या पाड्यांवर नेटवर्क अधूनमधूनच मिळते. विद्यार्थ्यांसाठी केलेले धड्यांचे पान दुसऱ्यांदा उघडतानाही फार वेळ घेते, आणि तपासले तर सर्व चित्रांना ३०४ येते. फाइली कॅशमध्ये असूनही उशीर का?

उत्तर : ३०४ मुळे फाइलचे बाइट वाचतात, सर्व्हरपर्यंतची फेरी वाचत नाही. एक्सप्रेसमध्ये ‘मॅक्सएज’ मुळात शून्य असतो, म्हणून पानावरील प्रत्येक चित्र दर वेळी सर्व्हरला विचारूनच दाखवले जाते, आणि क्षीण नेटवर्कवर खरा वेळ त्या फेऱ्यांतच जातो. चित्रांना हॅशची नावे आणि वर्षाची मुदत दिली, की या फेऱ्या बंद होतील.

धड्यांची यादी क्वचित बदलत असल्यास तिला दहा मिनिटांची मुदत आणि त्यापुढे एक दिवसाचे ‘स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट’ देता येईल. मुदत उलटल्यावरही ब्राउझर जुनी यादी लगेच दाखवतो आणि नवी मागाहून आणून ठेवतो. रावेरच्या भावाला हे चालणार नाही, धड्यांच्या यादीला चालेल.

नेटवर्क पूर्ण गेल्यावरही पान उघडायचे असेल तर सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणारी स्क्रिप्ट) लागेल आणि त्यासाठी एचटीटीपीएस आवश्यक आहे. त्याच्या स्वतःच्या फाइलच्या नावात हॅश घालू नये, कारण ब्राउझर नवी आवृत्ती त्याच पत्त्यावर शोधतो. तसेच सर्व्हिस वर्कर आपल्या साठ्यात फाइली भरताना त्या ब्राउझरच्या नेहमीच्या एचटीटीपी कॅशमधून घेऊ शकतो. म्हणून हॅश नसलेल्या फाइली मागवताना विनंतीचा ‘कॅश’ पर्याय ‘रीलोड’ ठेवावा, नाहीतर शिळी प्रतच नव्या साठ्यात जाऊन बसते.