बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात मुक्कामाला जाताना कोणता चाकू घ्यावा?

एकच घ्यायचा तर घडीचा नको, सरळ पात्याचा घ्या; चार-पाच इंच पुरे. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं, नाहीतर लाकूड फोडताना मूठ हातात आणि पातं ढलपीत. पोकळ मुठीत होकायंत्र बसवलेले चाकू दुकानातच राहू द्यात.

कणकुंबीचा पाऊस म्हणजे कार्बन स्टीलचं पातं रात्रीत गंजून तांबूस पडतं. पुसून खोबरेल चोळा, नाहीतर सरळ स्टेनलेस घ्या. ओला चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका.

झुडपं तोडायला मात्र लोहाराकडचा कोयता कुठल्याही महागड्या ‘सर्व्हायव्हल’ चाकूपेक्षा भारी. फक्त याच भागातल्या भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय फांदी तोडणंही गुन्हा आहे बरं का. तिथे चाकू कांदा आणि दोरी कापण्यापुरताच.