इंग्लंडमध्ये नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टरने शिशाची जाड चकती सापडली, मध्ये भोक आहे. मणी की वजन? किती जुनी असेल?

अडीच सेंटीमीटर व्यास, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, वर उठावाचे ठिपके. हे वाचून मी तरी सूतकताईच्या चकतीवर पैज लावेन. आपल्या टकळीची पितळी चकती करते तेच काम: काठीला वजन द्यायचं, गिरकी टिकवायची. फक्त तिकडे कातायची ती मुख्यतः लोकर.

खात्रीसाठी भोक नीट बघा. काठी घट्ट बसावी म्हणून ते गोल, मधोमध आणि बरेचदा किंचित निमुळतं असतं. कड एकाच बाजूला ओढल्यासारखी झिजली असेल तर वस्तू दोरीने टांगलेली असावी. मग तराजूचं वजन किंवा जाळ्याचं शिसं म्हणायला जागा आहे. शिसं 327 अंशांना वितळतं, चुलीतल्या विस्तवावरसुद्धा. त्यामुळे अशा चकत्या गावातच साच्यात ओतता येत. साचे हाताने कोरलेले, म्हणून ठिपके वाकडेतिकडे दिसले तरी दचकू नका.

वयाचं मात्र अवघड आहे. रोमन काळापासून मध्ययुगानंतरपर्यंत असल्या चकत्या वापरात होत्या. तेराव्या शतकात युरोपात चरखा आला तरी टकळी सुटली नाही. ती स्वस्त, आणि मेंढरांमागे चालता चालताही कातता येतं. त्यात नांगराने वस्तू मूळ थरातून उपसलेली, म्हणजे थरावरूनही काळ काढता येत नाही. 2010 साली लिंकनशरमधल्या सॉल्टफ्लीटबीजवळ सापडलेल्या शिशाच्या चकतीवर रून लिपीत (उत्तर युरोपातली जुनी, सरळ रेघांची लिपी) मजकूर होता, त्यात ओडिन आणि हाइमडाल या नॉर्स देवांची नावं. तिचा काळ साधारण अकरावं शतक धरतात. तेव्हा तुमच्या चकतीवर ठिपक्यांऐवजी रेघोट्या असत्या तर मी जास्तच डोळे फाडून पाहिलं असतं!

एकटी शिशाची चकती सहसा ट्रेझर ॲक्टमध्ये, म्हणजे सापडलेल्या खजिन्याबद्दलच्या तिथल्या कायद्यात, बसत नाही. तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना) स्थानिक अधिकाऱ्याला जरूर दाखवा. वजन आणि सापडल्या जागेचा ग्रिड रेफरन्स (नकाशावरचा जागेचा आकडा) आजच लिहून ठेवा. एकाच शेतात अशा चार-पाच निघाल्या तर जवळपास वस्ती होती का, हा प्रश्न उभा राहतो, आणि तो या चकतीपेक्षा मोठा आहे. शेतमालकाची परवानगी असेलच असं धरतो.

आणि व्हिनेगर, लिंबू, तारेचा ब्रश यांपैकी काहीही लावू नका. वरची पांढरट भुकटी विषारी असते, हाताळल्यावर हात धुवा. प्लास्टिकच्या डबीत ठेवा. ओकच्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनेही शिसं खराब होतं.